अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रदेशांचा कौल कसा आणि का बदलतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लागला की लाल-निळे नकाशे मराठी वर्तमानपत्रांतही छापून येतात आणि त्यांच्याविषयी वाचकांकडून येणारे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. त्यांपैकी नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत. 'आघाडी' हा शब्द सर्वत्र पहिल्या दोन उमेदवारांच्या मतांच्या टक्केवारीतील फरक या अर्थाने वापरला आहे. एकच मुद्दा दोन ठिकाणी लागत असेल, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. एखाद्या राज्याचा कल बदलला असे म्हणतात, तेव्हा नेमके काय मोजलेले असते?

लागोपाठच्या दोन निवडणुकांतील आघाडीची तुलना केलेली असते. फ्लोरिडात डोनाल्ड ट्रम्प यांची आघाडी 2020 मध्ये 3.4 टक्के होती आणि 2024 मध्ये ती 13.1 टक्क्यांवर गेली. म्हणून फ्लोरिडा जवळपास दहा टक्क्यांनी रिपब्लिकन पक्षाकडे सरकले असे म्हटले जाते, जरी ते राज्य दोन्ही वेळा त्याच पक्षाने जिंकले होते. नकाशावरचा रंग बदलला नाही, म्हणून काहीच घडले नाही, असा समज करून घेणे ही नकाशा वाचण्यातली सर्वांत मोठी चूक आहे. ब्रिटिश विश्लेषक हाच आकडा निम्मा करून सांगतात, कारण एक मतदार इकडून तिकडे गेला की आघाडी दोन मतांनी बदलते. त्यामुळे दोन देशांतील लिखाण शेजारी ठेवून वाचताना सावध राहावे.

मात्र एवढ्याने काम भागत नाही. 2020 मध्ये देशभरातील एकूण मतांत जो बायडेन सुमारे 4.5 टक्क्यांनी पुढे होते, तर 2024 मध्ये ट्रम्प सुमारे 1.5 टक्क्यांनी पुढे होते. म्हणजे संपूर्ण देशच सहा टक्क्यांनी सरकला. विस्कॉन्सिन याच काळात बायडेन यांच्या 0.6 टक्क्यांच्या आघाडीवरून ट्रम्प यांच्या 0.9 टक्क्यांच्या आघाडीवर आले. तेथे निकाल उलटला, सगळ्या बातम्या त्याच्याच झाल्या, पण ते राज्य सरकले केवळ दीड टक्क्याने. देशाच्या तुलनेत पाहिले, तर विस्कॉन्सिन डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूला गेले असे म्हणावे लागते. प्रदेशाविषयी बोलायचे असेल, तर देशाचा बदल आधी वजा करावा, हा नियम पुढील सर्व उत्तरांत गृहीत धरला आहे.

2. रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे, हे कोणी ठरवले?

कोणीही अधिकृतपणे ठरवलेले नाही. दूरचित्रवाणी वाहिन्या पूर्वी आपापल्या सोयीने रंग वापरत असत आणि 1980 मध्ये रोनाल्ड रेगन यांनी जिंकलेली राज्ये एका मोठ्या वाहिनीच्या नकाशावर निळी होती. 2000 ची निवडणूक फ्लोरिडातील फेरमोजणीमुळे पाच आठवडे लांबली, तेच नकाशे दिवसरात्र पडद्यावर राहिले आणि आजची विभागणी रूढ झाली.

3. काउंटीनिहाय नकाशा जवळजवळ सगळा लाल दिसतो. मग मते इतकी बरोबरीची कशी?

कारण नकाशा जमीन दाखवतो. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या (राज्यातील जिल्ह्यासारखे विभाग) आहेत. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण, विरळ वस्तीच्या आणि रिपब्लिकन आहेत, तर डेमोक्रॅटिक मते मोठ्या शहरांत दाटीने एकवटलेली आहेत. लॉस एंजलिस काउंटीची लोकसंख्या कोटीच्या घरात आहे, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत शंभर माणसेही राहत नाहीत. मतांच्या प्रमाणात वर्तुळे काढलेला नकाशा मिळाला, तर तो पाहावा.

4. 2024 मध्ये सगळाच देश ट्रम्प यांच्याकडे झुकला, असे म्हणतात. हे खरे आहे का?

होय. पन्नासही राज्यांत आघाडी 2020 च्या तुलनेत रिपब्लिकन पक्षाच्या दिशेने सरकली. परंतु सरकण्याचे प्रमाण अतिशय असमान होते आणि विचार करण्यासारखा भाग तोच आहे. न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक आघाडी 23 टक्क्यांवरून साधारण साडेबारा टक्क्यांवर उतरली, न्यू जर्सीत 16 वरून सहाच्या खाली आली, कॅलिफोर्नियात 29 वरून 20 वर आली. याउलट वॉशिंग्टन राज्यात ती 19 वरून केवळ 18 टक्क्यांवर आली. ज्या सात राज्यांत प्रचाराचा सारा पैसा आणि वेळ ओतला गेला (पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना, नेव्हाडा), ती सातही ट्रम्प यांनी जिंकली, पण त्यांपैकी बहुतेकांत झालेला बदल देशाच्या सरासरीहून कमी होता. जेथे प्रचार फिरकलाच नाही, तेथे डेमोक्रॅटिक पक्षाची पडझड अधिक झाली. प्रचाराने मते वळतात की नाहीत, या जुन्या वादात हे उदाहरण बोलके आहे, जरी ते पुरावा म्हणून पुरेसे नाही.

5. दक्षिणेकडील राज्ये एके काळी डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला होती, असे वाचले. मग ती उलटली कधी?

एका निवडणुकीत उलटली नाहीत. या बदलाला जवळपास अर्धे शतक लागले.

यादवी युद्धात अब्राहम लिंकन यांचा रिपब्लिकन पक्ष दक्षिणेचा शत्रुपक्ष ठरला होता. 1877 मध्ये केंद्राचे उरलेसुरले सैन्य मागे घेतल्यानंतर दक्षिणेतील गोऱ्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या माध्यमातून सत्ता पूर्णपणे ताब्यात घेतली आणि मतदान कर, साक्षरता चाचण्या व उघड दहशत यांच्या जोरावर कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले. त्यामुळे 1936 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मिसिसिपीत सुमारे 97 टक्के मते मिळाली. त्याच मिसिसिपीत 1964 मध्ये रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर यांना 87 टक्के मते मिळाली. मधली वर्षे फक्त 28.

काय घडले होते? 1948 मध्ये हॅरी ट्रुमन यांच्या नागरी हक्कांच्या धोरणावर रागावून स्ट्रॉम थर्मंड वेगळे उभे राहिले आणि त्यांनी चार दक्षिणी राज्ये जिंकली. 1964 मध्ये लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याला विरोध करणाऱ्या गोल्डवॉटर यांचा देशभर दारुण पराभव झाला, पण स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज त्यांनी जिंकलेली पाचही राज्ये खोल दक्षिणेतील होती. 1968 मध्ये जॉर्ज वॉलेस यांनी तिसऱ्या पक्षातर्फे पाच राज्ये घेतली. गाडी सरळ रेषेत मात्र गेली नाही. 1976 मध्ये जॉर्जियाचे जिमी कार्टर यांनी यादवी युद्धात फुटून निघालेल्या जुन्या बंडखोर संघातील अकरांपैकी दहा राज्ये परत जिंकली आणि चारच वर्षांनी त्यांच्याकडे एकटे जॉर्जिया उरले. बिल क्लिंटन यांनी 1992 आणि 1996 मध्ये काही राज्ये पुन्हा मिळवली. 2000 मध्ये अल गोर यांना स्वतःचे टेनेसीही राखता आले नाही.

स्थानिक राजकारण याहूनही मागे रेंगाळले. अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन मत देणारे अलाबामा आपले विधिमंडळ 2010 पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती ठेवून होते. अध्यक्षपदाचे मत आधी सरकते, विधिमंडळ आणि गावपातळीवरची पदे कित्येक वर्षांनी सरकतात, हे इतर प्रदेशांतही दिसते (प्रश्न 7).

6. याच्या उलट दिशेने गेलेले प्रदेश आहेत का?

आहेत, आणि त्यांतले सर्वांत ठळक व्हरमाँट. या राज्याने 1856 पासून 1960 पर्यंत प्रत्येक वेळी रिपब्लिकन उमेदवाराला मत दिले. 1936 मध्ये रूझवेल्ट यांच्या लाटेत टिकलेली दोनच राज्ये म्हणजे मेन आणि व्हरमाँट. आज तेच व्हरमाँट देशातील सर्वाधिक डेमोक्रॅटिक राज्यांत मोडते. कॅलिफोर्नियाने 1952 ते 1988 या काळात 1964 वगळता दर वेळी रिपब्लिकन पक्षाला साथ दिली. रिचर्ड निक्सन आणि रेगन दोघेही तेथूनच पुढे आले. 1992 पासून ते राज्य त्या पक्षाच्या हाती लागलेले नाही. रिपब्लिकनांचे माहेरघर मानली जाणारी तेथील ऑरेंज काउंटी 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांच्याकडे गेली, आणि 1936 नंतर असे प्रथमच घडले.

7. कारखाने आणि खाणी असलेले भाग कामगारांचे. ते डेमोक्रॅटिक पक्षापासून का दुरावले?

वेस्ट व्हर्जिनियापासून सुरुवात करावी. कोळसा खाणी आणि बलदंड कामगार संघटनांच्या या राज्याने 1988 मध्ये, देशभर हरलेल्या मायकेल डुकाकिस यांनाही साथ दिली होती. 1996 मध्ये बिल क्लिंटन येथे सुमारे 15 टक्क्यांनी पुढे होते. 2024 मध्ये ट्रम्प यांना येथे सुमारे 70 टक्के मते पडली. वळण आले ते 2000 मध्ये: पर्यावरण आणि बंदुकांवरील निर्बंध हे गोर यांच्याशी जोडले गेलेले विषय खाणकामगारांना आपल्या पोटावर आणि घरावर आलेले वाटले आणि राज्य जॉर्ज बुश यांच्याकडे गेले. फ्लोरिडातील फेरमोजणीची चर्चा अजून चालते, पण वेस्ट व्हर्जिनियाची पाच निर्वाचक मते (अध्यक्ष ठरवणारी राज्यनिहाय मते, प्रश्न 11) राखली असती, तर गोर यांना फ्लोरिडाची गरजच उरली नसती, हे फारसे कोणी सांगत नाही.

पुढे हीच गोष्ट उत्तरेकडे पसरली. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही राज्ये 1992 ते 2012 सलग डेमोक्रॅटिक राहिली होती. 2016 मध्ये तिन्ही मिळून सुमारे 78 हजार मतांनी ती ट्रम्प यांच्याकडे गेली. आयोवात बराक ओबामा 2012 मध्ये सहा टक्क्यांच्या जवळपास फरकाने जिंकले होते आणि चार वर्षांनी ट्रम्प तेथे नऊ टक्क्यांहून अधिक फरकाने जिंकले. ओबामांना दोनदा आणि नंतर ट्रम्प यांना मत देणाऱ्या काउंट्यांची संख्या 206 भरते. बंद पडलेले कारखाने आणि परदेशांशी झालेले व्यापार करार हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे, कारण कारखाने 2012 पूर्वीच बंद झाले होते. बदलली ती विभागणीची रेघ. पूर्वी मत उत्पन्नावरून ओळखता येत असे, आता ते पदवीवरून अधिक चांगले ओळखता येते. पदवी नसलेल्या गोऱ्या मतदारांचे प्रमाण जेथे जास्त, तेथे घसरण जास्त.

8. लोकांची मते बदलतात की लोकच बदलतात?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण नकाशा तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच रंगात दाखवतो.

पहिली गोष्ट म्हणजे त्याच मतदारांनी पक्ष बदलणे. प्रश्न 5 मधील मिसिसिपी हे त्याचे जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. 1964 मध्येही तेथील कृष्णवर्णीय प्रौढांपैकी सातांहून कमी टक्के लोकांची मतदार म्हणून नोंद होती. म्हणजे रूझवेल्ट यांना डोक्यावर घेणारा आणि गोल्डवॉटर यांना निवडणारा मतदारवर्ग एकाच समाजाचा होता. (1965 च्या मतदान हक्क कायद्यानंतर दोन-तीन वर्षांतच हे प्रमाण वाढून निम्म्याहून वर गेले.)

दुसरी गोष्ट म्हणजे मतदारसंख्येची घडणच बदलणे. व्हर्जिनियाने 1968 ते 2004 या काळात प्रत्येक वेळी रिपब्लिकन कौल दिला आणि 2008 पासून एकदाही दिलेला नाही. राज्याच्या नैर्ऋत्येकडील खाणपट्ट्याने आपले मत डेमोक्रॅटिक बाजूला मुळीच नेले नाही, उलट तो अधिक लाल झाला. पण वॉशिंग्टन शहरालगतच्या फेअरफॅक्स आणि लाउडन काउंट्यांत सरकारी, संगणक आणि संरक्षण क्षेत्रांतील नोकरदार देशभरातून आणि देशाबाहेरून येऊन वसले. अटलांटाच्या दक्षिणेकडील हेन्री काउंटी कृष्णवर्णीय मध्यमवर्ग तेथे राहायला आल्यामुळे इतकी बदलली, की देश उजवीकडे सरकत असताना 2024 मध्येही ती डेमोक्रॅटिक दिशेने गेली.

तिसरी गोष्ट म्हणजे घरी बसणे. न्यूयॉर्क राज्यात 2024 च्या डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांना बायडेन यांच्या 2020 च्या मतांपेक्षा सहा लाखांहून अधिक मते कमी पडली, ट्रम्प यांची वाढ मात्र त्याच्या साधारण निम्मीच होती. उलट विस्कॉन्सिन, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिनात हॅरिस यांनी बायडेन यांच्याहून जास्त मते मिळवली आणि तरीही त्या हरल्या, कारण ट्रम्प यांची मते त्याहून अधिक वाढली. पहिल्या प्रकारात मतदार गमावलेला असतो, तिसऱ्यात तो फक्त रुसलेला असतो, आणि पुढच्या खेपेला दोघांशी पक्षाने वेगळे वागायचे असते. केवळ टक्केवारीवरून 'लोक उलटले' असे लिहिणारे या तिन्हींची सरमिसळ करतात.

9. टेक्सासच्या सीमेवरील लॅटिनो काउंट्यांविषयी एवढी चर्चा का होते?

कारण तेथील बदलाचा वेग असाधारण आहे. रिओ ग्रांडे नदीकाठच्या, जवळजवळ संपूर्ण लॅटिनो असलेल्या स्टार काउंटीत 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना 60 टक्क्यांची आघाडी होती. 2020 मध्ये बायडेन यांना पाच टक्क्यांची उरली आणि 2024 मध्ये ट्रम्प 16 टक्क्यांनी जिंकले. त्याआधी या काउंटीने रिपब्लिकन उमेदवाराला मत दिले होते ते 1892 मध्ये. फ्लोरिडातील मायामी-डेड काउंटीतही क्लिंटन यांची 29 टक्क्यांची आघाडी आठ वर्षांत नाहीशी होऊन ट्रम्प यांच्या 11 टक्क्यांच्या आघाडीत बदलली.

दोन्ही ठिकाणांना एकच कारण लावू नये. मायामीत क्युबा, व्हेनेझुएला आणि निकाराग्वाहून आलेल्यांना समाजवाद या शब्दाचेच वावडे आहे. स्टार काउंटीतील लोक पिढ्यान्‌पिढ्या टेक्सासचे आहेत. तेलक्षेत्र, सीमा सुरक्षा दलातील नोकऱ्या आणि महागाई हे त्यांचे विषय आहेत.

10. नेहमी विजेत्याबरोबर जाणारे एखादे राज्य किंवा काउंटी आहे का?

होती, आता जवळपास उरली नाही. ओहायोने 1964 ते 2016 अचूक कौल दिला आणि 2020 मध्ये तो चुकला. इंडियानातील व्हिगो काउंटीची 1956 पासूनची परंपरा त्याच वर्षी तुटली. वॉशिंग्टन राज्यातील क्लॅलम काउंटी 1980 पासून 2020 पर्यंत टिकली आणि 2024 मध्ये तिनेही हॅरिस यांना निवडले. असे प्रदेश सरासरी अमेरिकेची छोटी प्रतिकृती असतात म्हणून जुळतात. प्रश्न 7 मधील पदवीची रेघ ठळक झाल्यावर कोणताही एक प्रदेश तसा राहत नाही.

11. जास्त मते मिळवूनही उमेदवार हरतो. याचा प्रदेशांच्या सरकण्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. एकूण 538 निर्वाचक मतांपैकी 270 मिळवावी लागतात आणि दोन राज्ये वगळता (प्रश्न 16) राज्याची सर्व निर्वाचक मते तेथील विजेत्याला जातात. म्हणून पक्षाची मते कोठे वाढतात, याला महत्त्व येते. 2020 मध्ये बायडेन देशभरात 4.5 टक्क्यांनी पुढे होते, पण त्यांचा विजय निश्चित करणारे विस्कॉन्सिन त्यांनी फक्त 0.6 टक्क्याने जिंकले. म्हणजे ही पद्धत त्यांच्या पक्षाला सुमारे चार टक्क्यांनी प्रतिकूल होती. ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधील मिळून सुमारे 22 हजार मते बायडेन यांच्याकडून ट्रम्प यांच्याकडे फिरली असती, तर सत्तर लाखांची आघाडी असूनही निकाल बरोबरीत अडकला असता.

2024 मध्ये हा प्रतिकूलपणा जवळजवळ नाहीसा झाला. निर्णायक पेनसिल्व्हेनियात ट्रम्प 1.7 टक्क्यांनी आणि देशात 1.5 टक्क्यांनी पुढे होते. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातील रिपब्लिकन वाढीने देशातील बेरीज फुगली, निर्वाचक मत मात्र त्यामुळे एकही वाढले नाही. इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे निर्वाचक मतांची ही पद्धत, कायम एका पक्षाच्या फायद्याचे आहे, असे म्हणणे त्यामुळे बरोबर ठरत नाही.

12. कोणीच मत बदलले नाही, तरी निकाल बदलू शकतो का?

बदलू शकतो, जनगणनेमुळे. तिच्यावरून प्रतिनिधिगृहातील जागा आणि त्यांबरोबर निर्वाचक मते राज्यांत नव्याने वाटली जातात. 2020 च्या जनगणनेनंतर टेक्सासला दोन आणि फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना, कोलोरॅडो, ओरेगन व मोंटाना यांना प्रत्येकी एक जागा वाढून मिळाली. कॅलिफोर्नियाने इतिहासात प्रथमच एक जागा गमावली आणि न्यूयॉर्कची एक जागा केवळ 89 माणसे कमी भरल्याने गेली. 2020 मध्ये बायडेन यांना 306 निर्वाचक मते देऊन गेलेली तीच राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाने 2024 मध्ये पुन्हा जिंकली असती, तर त्याला 303 मिळाली असती.

13. तिसरा उमेदवार असेल तर ही गणिते चुकतात का?

सपशेल चुकतात. युटामध्ये रिपब्लिकन उमेदवार मिट रोम्नी यांना 2012 मध्ये 73 टक्क्यांच्या आसपास मते होती आणि 2016 मध्ये ट्रम्प यांना 46 टक्क्यांहूनही कमी. युटा डावीकडे झुकले, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. प्रत्यक्षात ट्रम्प यांना नाकारणारे परंपरानिष्ठ मॉर्मन (तेथील बहुसंख्य ख्रिस्ती पंथाचे) मतदार अपक्ष इव्हान मॅकमलिन यांच्याकडे गेले होते आणि त्यांना 21 टक्क्यांहून जास्त मते मिळाली. 2020 मध्ये ट्रम्प तेथे 58 टक्क्यांवर परतले.

मिशिगनमधील डिअरबॉर्न या अरबबहुल शहराचे 2024 चे उदाहरण निराळे आहे. बायडेन यांनी सहज जिंकलेल्या या शहरात गाझातील युद्धावरील संतापामुळे ट्रम्प सुमारे 42 टक्के मतांवर पहिले आले, हॅरिस 36 च्या आसपास राहिल्या आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाईन यांनी मोठा वाटा घेतला. येथील अर्धेअधिक मतदार ट्रम्प यांचे झाले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

14. मतमोजणीच्या रात्री दिसणारे चित्र नंतर का बदलते?

प्रत्येक राज्याचे मोजणीचे नियम वेगळे असल्यामुळे. पेनसिल्व्हेनियात टपाली मतांची पाकिटे मतदानाच्या दिवसापूर्वी उघडण्याची मुभा नाही. 2020 मध्ये ती मते मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅटिक होती, म्हणून 3 नोव्हेंबरच्या रात्री ट्रम्प पुढे दिसले आणि 7 नोव्हेंबरला बायडेन विजयी ठरले. कॅलिफोर्नियाची मोजणी तर कित्येक आठवडे चालते. 2024 मधील ट्रम्प यांची देशव्यापी आघाडी पहिल्या आठवड्यात बरीच मोठी दिसत होती, ती 1.5 टक्क्यांवर स्थिरावली याचे मुख्य कारण तेच. कल बदलण्याविषयीची घाईची विधाने डिसेंबरपर्यंत राखून ठेवावीत.

15. आमचे नातेवाईक न्यू जर्सीतील एडिसनला आणि जॉर्जियातील अटलांटाजवळ राहतात. भारतीय वस्तीमुळे तेथील कौल बदलतो का?

काही ठिकाणी बदलतो, पण वस्तीच्या प्रमाणात नव्हे. अध्यक्षीय निवडणुकीत मत देण्यासाठी नागरिकत्व लागते. कामाच्या व्हिसावरील किंवा ग्रीन कार्डधारक व्यक्तीला ते देता येत नाही. ग्रीन कार्डासाठी भारतात जन्मलेल्यांची प्रतीक्षा फार लांबलेली असल्यामुळे एखाद्या वसाहतीत मराठी पाट्या, ढोलपथके आणि मंडळाचा गणपती असूनही मतदार यादीत त्या मानाने थोडीच नावे सापडतात.

तरीही परिणाम दिसतो. अटलांटाच्या उत्तरेकडील फोर्सिथ काउंटीत रोम्नी यांना 2012 मध्ये सुमारे 80 टक्के मते होती. 2020 मध्ये ट्रम्प यांना तेथे 66 टक्क्यांच्या आसपास मिळाली. याच काळात तेथील भारतीय लोकसंख्या झपाट्याने वाढली. पण त्याच वर्षांत पदवीधर गोरे मतदारही उपनगरांतून रिपब्लिकन पक्षापासून दूर जात होते, त्यामुळे सारे श्रेय एका समाजाला देता येत नाही. लाउडन काउंटीत (प्रश्न 8) 2024 मध्ये डेमोक्रॅटिक आघाडी बरीच घटली, म्हणजे ही वाट एकतर्फी नाही.

16. मेन, नेब्रास्का आणि अलास्का यांचे आकडे इतर राज्यांसारखे का वाचता येत नाहीत?

मेनने 1972 पासून आणि नेब्रास्काने 1992 पासून आपली निर्वाचक मते विभागून देण्याची पद्धत ठेवली आहे: दोन मते राज्याच्या विजेत्याला, उरलेली प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाच्या विजेत्याला. त्यामुळे पक्का रिपब्लिकन नेब्रास्का असूनही ओमाहा शहराचा मतदारसंघ 2008, 2020 आणि 2024 मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराला एक मत देऊन गेला, आणि मेनचा ग्रामीण दुसरा मतदारसंघ 2016 पासून तिन्ही वेळा ट्रम्प यांच्याकडे गेला. येथे राज्याची आघाडी पाहून भागत नाही, मतदारसंघाची पाहावी लागते. शिवाय दर दहा वर्षांनी मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात, म्हणून जुना आकडा नव्या सीमेत बसवून घेतल्याखेरीज तुलना करू नये.

अलास्कात काउंट्याच नाहीत. तेथील निकाल राज्य विधिमंडळाच्या मतदारसंघांनुसार जाहीर होतात आणि त्यांच्याही सीमा बदलतात. देशाचा काउंटीनिहाय नकाशा काढणारे म्हणूनच अलास्का पुष्कळदा एकाच रंगात रंगवतात.